तलवारीच्या मुठीवरचं चामडं सैल का होतं, आणि ते घट्ट बसवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बाराव्या-तेराव्या शतकातल्या युरोपीय धाटणीची एकहाती तलवार स्वतः घडवली, लाकडी मुठीवर चामडं चढवलं. पहिले काही दिवस मूठ सुरेख होती. दोन महिन्यांत चामडं हातात किंचित फिरायला लागलं, जोडाची कड उचलली, आणि गार्डजवळ, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या लोखंडी पट्टीजवळ, निळे-काळे डाग पडले. आता गोंद बदलावा, की जाड चामडं घ्यावं, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर आहे, यातलं काहीच आधी करू नका. चामडं काढा आणि आतलं लाकूड तपासा. मुठीची जवळजवळ सगळी दुखणी आत सुरू होतात आणि बाहेर चामड्यावर दिसतात. जाड चामड्याने ती फक्त उशिरा दिसतील.

चामडं काढण्याआधी करायची तपासणी सोपी आहे. पातं जाड कापडात गुंडाळून शिकंज्यात हलकं धरा. मूठ दोन्ही हातांनी पिळा आणि कान जवळ न्या. बारीकसा 'टिक' आवाज आला तर लाकूड आणि पात्याची शेपटी, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा अरुंद भाग, यांच्यात पोकळी आहे. आवाज न येता फक्त वरचा थर सरकला तर लाकूड आणि चामडं यांची साथ सुटली आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या सरावाच्या एका तलवारीचं चामडं बाहेरून निर्दोष होतं, पण दर वाराला मूठ केसभर हलायची. उघडून पाहिलं तर खाच शेपटीपेक्षा चांगली दोन मिलिमीटर रुंद होती आणि ती फट नुसत्या गोंदाने भरली होती. गोंदाचा चुरा होऊन तो खाली साचला होता. त्या मुठीवर कितीही चांगलं चामडं चढवलं असतं तरी ते फाटलंच असतं.

लाकूड नीट वाळलेलं हवं, हे सगळेच सांगतात. कारण कळलं की ते पाळलं जातं. लाकूड वाळताना लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणजे ओलसर लाकडावर तुम्ही चामडं कितीही ओढून बसवलंत तरी पुढच्या काही आठवड्यांत आतला गाभा बारीक होतो आणि चामडं त्याच मापाचं राहतं. तुमच्या दोन महिन्यांच्या हिशेबाला हे तंतोतंत जुळतं. बीच, ॲश, बर्च, पॉप्लर, यातलं काहीही चालेल, फक्त रेषा मुठीच्या लांबीत सरळ धावायला हव्यात. तिरप्या रेषेचं लाकूड पहिल्या जोरदार फटक्याला त्याच रेषेवर चिरतं. सागवानासारखं तेलकट लाकूड मी टाळतो. वापरायचंच असेल तर चिकटवण्याच्या आधी स्पिरिटने पुसून घ्यावं लागतं.

शेपटीसाठी जागा करायच्या दोन रीती आहेत. अख्ख्या लाकडाला भोक पाडून शेपटी तापवून आत जाळत बसवायची, किंवा लाकूड उभं चिरून दोन्ही अर्धुकांत पटाशीने खाच कोरायची आणि दोन्ही भाग शेपटीवर चिकटवायचे. तुमच्या तलवारीचा तळाचा लट्टू, म्हणजे पॉमेल, आधीच बसवून शेपटीचं टोक ठोकून पसरवलेलं असणार. तेव्हा तुम्हाला दुसरीच रीत शक्य आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उलट ठोकण्यासाठी शेपटीचं टोक लाल करावं लागत असेल, तर चामडं त्यानंतरच चढवावं. पॉमेल तापलं की त्याला टेकलेलं चामडं आतल्या आत भाजतं आणि महिनाभराने तिथेच तडकतं.

खाच कोरताना शेपटीवर पेन्सिलीचं शिसं किंवा काजळी चोळा, अर्धुक दाबून बसवा, उचला. जिथे काळं लागलं तेवढंच खरवडा. हे वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण सगळ्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि तो कधी वाया गेला असं वाटलं नाही. शेवटी अर्धुकं बिनगोंदाची नुसती हाताने दाबून धरली तरी मूठ हलता कामा नये. गोंद लावण्याआधी शेपटीवर मेणाचा पातळ हात फिरवा, मात्र लाकडाच्या जोडाला मेण लागू देऊ नका.

आता मापं. इथे पहिल्यांदा करणारे बहुतेकजण चुकतात, कारण ते लाकूड हाताला छान लागेपर्यंत घासतात आणि त्यावर दोरा आणि चामडं चढल्यावर मूठ लठ्ठ होते. हिशेब उलटा करायचा. समजा, तयार मूठ गार्डजवळ 32 मिलिमीटर रुंद आणि 22 मिलिमीटर जाड हवी आहे. चामडं 0.9 मिलिमीटर, खालचा दोरा 0.8 मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी धरून 3.4 मिलिमीटर वाढणार. म्हणजे लाकूड साधारण 28.5 बाय 18.5 वर थांबायला हवं. नुसतं लाकूड धरल्यावर ते अपुरं, जरा किरकोळच वाटेल. तसं वाटायलाच हवं. पॉमेलकडे मूठ निमुळती होत जाते, तिथेही हाच हिशेब लावा.

लांबीचंही भान ठेवा. तलवारींचे अभ्यासक एवार्ट ओकशॉट यांनी मध्ययुगीन तलवारींची जी वर्गवारी केली, तिच्यातल्या एकहाती प्रकारांची मूठ बहुधा 9.5 ते 10.5 सेंटीमीटरच्या आसपास असते. आजच्या माणसाला ती आखूड वाटते आणि तो ती वाढवतो. पण गार्ड आणि पॉमेल यांच्यात हात अडकून बसावा, अशीच ती रचना आहे. दीड हाताच्या, म्हणजे गरजेला दुसरा हातही लावता येतो अशा, मोठ्या तलवारींची गोष्ट वेगळी, तिथे मूठ 15 सेंटीमीटरच्या पुढे जाते.

मुठीचा छेद गोल ठेवू नका. चपटा अंडाकार ठेवा, म्हणजे अंधारातही धार कुठे आहे हे तळव्याला कळतं. गोल मुठीवर चामडं चढवणं सोपं जातं, पण वार करताना तलवार हातात वळते, आणि प्रत्येक वळणाला चामड्यावर पीळ पडतो. म्हणजे चामडं सैल व्हायला आकारही कारण होऊ शकतो.

लाकूड तयार झालं की त्यावर सबंध लांबीभर लिननचा बारीक दोरा गुंडाळायचा. वळसे एकाला एक खेटून, गोंदात भिजवून, जितका ताणता येईल तितका ताणून. पुष्कळजण ही पायरी सोडतात. मला ती चामड्याइतकीच महत्त्वाची वाटते. दोरा दोन्ही अर्धुकांना पिंपाच्या कड्यांसारखा आवळून धरतो आणि लाकूड चिरलं तरी मूठ हातात सुटत नाही. शिवाय त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठावर चामडं जसं धरून बसतं तसं गुळगुळीत लाकडावर कधीच बसत नाही. तुमच्या वर्णनात दोऱ्याचा उल्लेख नाही. तो घातला नसेल तर लाकडाखालोखाल संशय मी त्याच्यावर घेईन.

दोरा वाळला की वर उंचवटे द्यायचे असल्यास दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या दोरीची किंवा चामड्याच्या पट्टीची कडी जागोजाग चिकटवा. दोन टोकांना एकेक आणि मध्ये एक, एवढंही पुरतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. मुठीवर दिसणारे मोठे उंचवटे चामड्याखालच्या दोरीमुळे येतात. आणि चामड्यावर दिसणाऱ्या बारीक, समांतर, आत गेलेल्या रेघा या चामडं ओलं असताना वरून आवळलेल्या दोऱ्याच्या खुणा असतात, तो दोरा नंतर काढलेला असतो. दोन्ही एकाच मुठीवर असू शकतात, पण त्यांची कामं वेगळी. मध्ययुगीन मुठींमधलं लाकूड आणि चामडं मातीत, नदीत कुजून जातं, लोखंड तेवढं उरतं. त्यामुळे या बारकाव्यांची माहिती चर्चमध्ये आणि थडग्यांत जपलेल्या थोड्या तलवारी, थडग्यांवरचे कोरीव पुतळे आणि चित्रं यांवरूनच गोळा करावी लागते. अशी छायाचित्रं बघताना रेघ आत गेलीय की वर आलीय, हे आधी बघायची सवय लावा.

चामडं घ्यायचं ते झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं बाजारात सहज मिळतं, पण ओलं करून दिलेला आकार ते वाळल्यावर धरून ठेवत नाही. रबरासारखं परत जातं आणि तुमचा जोड उघडतं. ती पद्धत मुळात एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे मध्ययुगीन धाटणीच्या कामात ती तशीही बसत नाही. बकऱ्याचं किंवा वासराचं, 0.8 ते 1 मिलिमीटरचं, पाठीच्या भागातलं चामडं उत्तम. पोटाकडचा भाग ढिला असतो, तो नको. मेंढीचं चामडं हाताला लोण्यासारखं लागतं, पण त्याचा वरचा पापुद्रा घामाने आणि घर्षणाने सुटतो. मुठीसाठी मला बकऱ्याचंच आवडतं. पातळ असून चिवट असतं आणि त्याच्या दाण्याला, म्हणजे वरच्या पृष्ठाला, पकड असते.

कागदाची पट्टी मुठीभोवती गुंडाळून नमुना काढा. कागदाच्या कडा जिथे भिडतात त्याच्या पुढे 8 मिलिमीटर जास्त ठेवा. मूठ निमुळती असल्यामुळे तुकडा एका टोकाला अरुंद होईल. आता रापी, म्हणजे चामडं तासायचं हत्यार, काढा, आणि ती निसण्यावर लावून मगच काढा. खाली जाणारी कड वरच्या, दाण्याच्या बाजूने तासायची आणि वर येणारी कड आतल्या, मांसाच्या बाजूने. दोन्ही उतार सात-आठ मिलिमीटर रुंद, शेवटाला कागदाइतके पातळ. एकावर एक आले की जाडी एकेरी चामड्याएवढीच राहते आणि बोटाला जोड लागत नाही. खालच्या कडेचा दाणा तासून गेलाच पाहिजे, कारण गुळगुळीत दाण्यावर गोंद धरत नाही. तुमची कड उचलली त्याचं हे एक साधं कारण असू शकतं. गार्डला आणि पॉमेलला टेकणाऱ्या कडाही थोड्या तासा, नाहीतर तिथे पायरी राहते आणि बोट नेमकं तिथेच घासतं.

काहीजण जोड तासून चिकटवण्याऐवजी कडेला कड भिडवून शिवतात. तेही बरोबर आहे आणि जुन्या कामांत आढळतं. पण आरी चामड्याच्या जाडीतून तिरकी काढावी लागते. एक मिलिमीटरपेक्षा पातळ चामड्यात टाके फाटतात. हात बसेपर्यंत चिकटवलेला जोडच करा.

चामडं साध्या पाण्यात भिजवा. बुडबुडे यायचे थांबले की काढून टॉवेलमध्ये दाबा. ओथंबलेलं नको, थंडगार आणि लवचिक हवं. गरम पाण्याचा मोह टाळा. सालीत कमावलेलं ओलं चामडं 70 ते 85 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कायमचं आकसतं, त्यातले तंतूच गोळा होतात. सुरुवातीच्या काळात मी वेळ वाचवायला एक तुकडा उकळत्या पाण्यात घातला होता. डोळ्यांदेखत तो सुकल्या पानासारखा वळला आणि वाळल्यावर नखाने मोडला. तेव्हापासून वाळवतानाही मी हीटर किंवा उन्हाच्या वाटेला गेलो नाही.

गोंदाविषयी तुम्ही मुद्दाम विचारलंय. पारंपरिक पदार्थ म्हणजे सरस. कातडं आणि हरणाच्या शिंगांपासून सरस कसा करायचा, हे बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने लिहून ठेवलं आहे. सरसाचे दाणे रात्रभर गार पाण्यात फुगवायचे, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून 60 अंशांपर्यंत कोमट करायचे. उकळला की त्याची ताकद जाते. त्याचा मोठा गुण असा की ओल आणि ऊब दिली की तो सुटतो, म्हणजे पुढे कधी मूठ बदलायची झाली तर लाकूड शाबूत राहतं. पण तो पटकन थिजतो, हात चपळ लागतो. पहिल्या दोन-तीन मुठींसाठी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरा. तो पाण्यातलाच असल्याने ओल्या चामड्याला चालतो आणि कड सरकवून जुळवायला वेळ देतो. चपलांना वापरतात ते रबरी सोल्यूशन मात्र नको. ओल्यावर ते धरत नाही, आणि कोरड्यावर लावलं तर जिथे टेकलं तिथेच चिकटतं, ताण देताच येत नाही.

आता मुख्य काम. गोंद दोऱ्यावर आणि चामड्याच्या आतल्या बाजूला पातळ लावा. जोड मी पात्याच्या चपट्या बाजूच्या रेषेत ठेवतो, तलवार कमरेला असताना अंगाकडे येणाऱ्या. धारेच्या रेषेत ठेवला तर बोटांची पेरं आणि तळहाताचा गड्डा तिथेच सतत घासतात. खालची कड आधी टेकवा, चामडं ताणत फिरवा, वरची कड तिच्यावर आणा. जास्तीचं आता, ताण दिल्यावर, कापा. मग हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने जोड घोटा.

लगेच दोरा आवळायला घ्या. दोरा न रंगवलेला हवा, नाहीतर त्याचा रंग ओल्या चामड्यात उतरतो आणि निघत नाही. आणि गुंडाळण्याची दिशा बघा. दोरा वरच्या पदरावरून येऊन त्याच्या कडेवरून खाली उतरला पाहिजे, म्हणजे प्रत्येक वळसा ती कड पुढे ओढून मिटवतो. उलट्या दिशेने गुंडाळलात तर प्रत्येक वळसा तीच कड मागे लोटतो. आतमध्ये ती सुरकुतते आणि दोरा सोडेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही. उचललेल्या कडा घेऊन जे जे माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी बऱ्याचजणांनी नेमका उलटा दोरा गुंडाळलेला होता. उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन वळसे जास्त ताणून द्या, म्हणजे चामडं कोनात बसतं. वळशांमधलं अंतर दोऱ्याच्या जाडीएवढं ठेवलंत तर खुणा देखण्या येतात. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने त्या क्षणी पुसा. राहिला तर तिथे रंग चढणार नाही आणि पांढुरके डाग कायम दिसतील.

सावलीत, वारा खेळेल अशा जागी पुरे 24 तास ठेवा. दमट हवेत 48. दोरा सोडताना चामडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे, परत गुंडाळा.

राहिले काळे डाग. ती बुरशी नाही. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळा-काळा रंग तयार होतो. मध्ययुगातली हस्तलिखितं ज्या शाईने लिहिली तिचंही रसायन हेच. तुमचं ओलं चामडं उघड्या गार्डला टेकलं होतं. पुढच्या वेळी गार्ड, पॉमेल आणि शेपटीचा दिसणारा भाग मेणाने नीट झाकून घ्या किंवा त्यावर चिकटपट्टी लावा. लोखंडी क्लॅम्प चामड्याला लागू देऊ नका, कात्री-रापीही कोरडी वापरा.

काळी मूठ तुम्हाला चालत असेल तर हेच रसायन कामाला लावता येतं. तेल काढून धुतलेलं लोखंडाचं किस किंवा भुसा व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. गाळलेलं पाणी चामड्याच्या तुकड्यावर लावलं की एखाद्या मिनिटात तो काळा होतो. हा रंग हाताला लागत नाही, कारण तो चामड्यातच तयार झालेला असतो. हे चामडं मुठीवर चढवण्याआधी करा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आंबटपणा मारा आणि स्वच्छ धुवा. तो तसाच ठेवला तर चामडं ठिसूळ होतं आणि शेजारचं लोखंड गंजतं.

शेवटचा हात मेणाचा, तेलाचा नाही. मधमाश्यांचं मेण आणि अगदी थोडं तेल एकत्र वितळवून थंड झाल्यावर पातळ चोळा, फडक्याने घोटा. दर महिन्याला भरपूर तेल पाजणारे लोक मी पाहिले आहेत. तेलाने तंतू मऊ पडतात, चामडं पुन्हा ताणतं आणि सगळी मेहनत सैल होते. सरावानंतर घाम कोरड्या कापडाने पुसला की पुरे.

तुमच्या तलवारीचं जुनं चामडं जोडावरून सावकाश सोडवा, कापू नका. ते सपाट वाळवून ठेवलंत तर नमुना म्हणून उपयोगी पडेल, आणि त्याच्या आतल्या बाजूवर गोंद कुठे धरला होता आणि कुठे नव्हता हेही दिसेल. लाकूड मोकळं झाल्यावर ते आठ-दहा दिवस कोरड्या जागी ठेवून रोज एकाच जागी, पेन्सिलीने खूण करून, कॅलिपरने मोजा. लागोपाठ तीन दिवस माप बदललं नाही, आणि पिळल्यावर 'टिक' आलं नाही, तर तोच गाभा ठेवून दोऱ्यापासून सुरुवात करा. आवाज आला तर नवीन अर्धुकं कोरायला घ्या.